प्रकल्प-व्यवस्थापन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : एका विलंबाच्या निमित्ताने

संगणकीय प्रकल्प मुदतीत का पुरे होत नाहीत, हा प्रश्न पेण-रोह्याच्या विद्यार्थ्यांस केवळ पुस्तकी नाही. येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. २०१७ च्या उन्हाळ्यात या विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासून घेण्याचे योजिले. कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागावयाचे निकाल लांबले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, कित्येक निकाल सप्टेंबरात लागले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पुढील शिक्षणासाठी अन्यत्र जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास हा विलंब काय पडला असेल, ते सांगावयास नको.

अशा प्रकल्पाच्या चालकांस कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य कितपत होऊ शकते, ते पाहू. १७ लाख उत्तरपत्रिका ४५ दिवसांत म्हणजे रोज सुमारे ३८ हजार. समजा, पहिल्या दहा दिवसांत रोज १० हजारच तपासल्या गेल्या. तर उरलेल्या ३५ दिवसांत रोज सुमारे ४६ हजार तपासाव्या लागतील. एवढे सांगावयास बुद्धिमत्ता, कृत्रिम वा नैसर्गिक, फारशी लागत नाही. अडचण निराळीच आहे. कामाची गती एकसारखी राहत नाही. कधी प्रतिमा घेण्याचे काम तुंबते, कधी प्रणाली बंद पडते; नवखा परीक्षक प्रथम मंद असतो व मग सरावतो. या चढउतारांच्या नोंदी घेऊन उरलेल्या कामाची हजारो कल्पित आवर्तने करावी आणि त्यांपैकी किती मुदतीत संपतात ते मोजावे, ही ‘मॉण्टे कार्लो’ रीत मुळात संख्याशास्त्राची होय. अनुभवावरून शिकणारी प्रणाली तीत भर घालते ती अशी की, कोणत्या लक्षणांमागून विलंब येतो, हे ती जुन्या प्रकल्पांच्या नोंदींतून स्वतः हुडकते. अलीकडील भाषिक प्रारूपे तर बैठकींची इतिवृत्ते व तक्रारी वाचून, कोणता निर्णय तीन बैठकींत केवळ पुढे ढकलला गेला, हेही दाखवू शकतात. माझ्या मते त्यांचा खरा उपयोग येथेच आहे. आकडे सर्वांनाच दिसतात, टाळलेला निर्णय सहसा दिसत नाही.

सरासरीवर मात्र विसंबू नये. फ्ल्यूब्येर्ग व बुडझियर यांनी २०११ मध्ये १,४७१ संगणकीय प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खर्चाची सरासरी वाढ २७ टक्केच होती. पण दर सहा प्रकल्पांत एकाचा खर्च सरासरीने २०० टक्के वाढला होता, व त्याचा कालावधी जवळजवळ ७० टक्के. तेव्हा यंत्रास ‘किती दिवस लागतील’ असे न विचारता ‘हा प्रकल्प त्या सहाव्यांतला होण्याचा संभव किती’ असे विचारणे अधिक शहाणपणाचे.

पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत चतुर्थीची तिथी कोणासाठी हलत नाही. पावसाळी हवेत शाडूची मूर्ती सावकाश वाळते, हे जाणणारा कारागीर तिथीपासून मागे मोजत येतो. त्याच्या अंदाजास पिढ्यांचा अनुभव पाठीशी असतो. उलट, प्रथमच हाती घेतलेल्या उपक्रमास पूर्वनोंदीच नसतात, आणि नोंदींवाचून शिकणारी प्रणाली आंधळी असते. अशा वेळी एका विद्याशाखेपुरता प्रयोग आधी करून नोंदी मिळविणे हाच मार्ग उरतो. त्यास अर्थातच वेळ द्यावा लागतो.

इशारा मिळाल्यावर काय करावे, हा प्रश्न राहतोच. रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातल्यास ते अधिकच रखडते, असे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये संगणक-आज्ञावलींच्या संदर्भात दाखविले. उत्तरपत्रिका सुट्या सुट्या तपासता येत असल्याने तेथे हा नियम पूर्णपणे लागू नाही. परंतु नव्या परीक्षकास शिकवावयाचे कोणी, हा प्रश्न तेथेही उद्भवतो. अशा वेळी मुदत वाढवावी, की काही भाग जुन्या पद्धतीने करावा, हे अधिकाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

शिवाय, यंत्राच्या इशाऱ्यावरून माणसांची झडती घेतली जाऊ लागली, की नोंदीच बदलू लागतात. ‘नव्वद टक्के झाले’ हा शेरा मग आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. म्हणून ‘तपासून पूर्ण झालेल्या उत्तरपत्रिका’ यांसारख्या मोजता येणाऱ्या गोष्टीच प्रणालीस पुरवाव्यात, आणि त्या नोंदींचा उपयोग व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी होणार नाही, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवावे.