उडवणारा एक, बघणारे दोनशे

वर्गणी काढून सोसायटीच्या पटांगणात एकत्र आतषबाजी करायची, ही कल्पना चांगली आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २३ ऑक्टोबर २०१८च्या निकालात सामूहिक फटाक्यांसाठी ठरावीक जागा नेमता येतील का, ते पाहायला सांगितले होते. घोटाळा वेगळाच होतो. घरापुढे उडवायचे तेच इथे जरा जास्त उडवायचे, असे धरून सगळे कामाला लागतात. दारापुढे चूक झाली, तर बहुतेक वेळा उडवणाऱ्याचाच हात भाजतो. पटांगणात ती चूक खुर्च्यांपर्यंत पोचते.

‘आमचा माणूस अनुभवी आहे, दरवर्षी तोच पेटवतो.’ अनुभव वात पेटेपर्यंत उपयोगी पडतो, पुढचे सगळे मांडणीवर. मल्टिशॉटचा डबा घ्या. पुठ्ठ्याच्या नळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि प्रत्येक शॉट सुटताना डब्याला खाली हिसका बसतो. शॉट सुटत जातात तसा डबा हलका होतो. जमीन उंचसखल असेल तर तो कलंडतो आणि उरलेले शॉट आडवे, थेट माणसांच्या दिशेने सुटतात. तोवर पेटवणारा मागे पळालेला असतो, आणि जवळ असता तरी त्याला काही करता आले नसते. म्हणून डबा सपाट, टणक जागेवर ठेवावा, मातीवर किंवा हिरवळीवर ठेवायचाच असेल तर खाली रुंद फळी घालावी, आणि चारही बाजूंनी विटा किंवा वाळूची पोती घट्ट लावावीत. आतषबाजीची खरी तयारी ही आहे, आणि ती उजेड असतानाच करायची असते. पेटवताना लांब उदबत्ती घ्यावी, डोके डब्यावर कधीच आणू नये.

रॉकेट बाटलीत लावायची आपली जुनी सवयही इथे चालत नाही. बाटली आडवी व्हायला वेळ लागत नाही. वाळू भरलेल्या बादलीत लोखंडी पाइप उभा रोवा आणि काठी त्यात सैल राहील असे पाहा. काठी तोडून आखूड करू नका. रॉकेट सरळ जाते ते तिच्यामुळेच.

‘लोक लांबच उभे आहेत.’ सुरुवातीला असतात. तिसऱ्या रॉकेटला पोरे दोन पावले पुढे येतात, मग त्यांना धरायला आईबाप, मग मोबाइलवाले. ब्रिटनमध्ये घरगुती फटाक्यांचे वर्ग ठरलेले आहेत: बागेत उडवायच्या फटाक्यांपासून प्रेक्षक किमान ८ मीटर, त्याहून मोठ्यांपासून २५ मीटर. आपल्या मल्टिशॉटला आणि रॉकेटला २५ मीटर हाच आकडा धरावा. तेवढी जागा नसेल तर ते फटाके आणू नयेत, भुईनळे आणि भुईचक्रांवर भागवावे. चुन्याच्या रेघेने गर्दी थांबत नाही. दोरी बांधा आणि दोरीशी दोन माणसे अशी उभी करा, की त्यांची पाठ फटाक्यांकडे आणि तोंड लोकांकडे असेल. हे काम कोणालाच नको असते. वारा प्रेक्षकांकडून फटाक्यांकडे वाहायला हवा, म्हणजे धूर आणि जळक्या काठ्या पलीकडे जातात.

‘पाण्याची बादली ठेवली आहे ना!’ ठेवाच, पण ती कशासाठी ते समजून. फटाक्याच्या दारूत ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन पुरवणारे रसायन मिसळलेलेच असते, त्यामुळे पेटलेला फटाका बादलीभर पाण्याने विझेल याची खात्री नाही. बादली लागते ती पेटलेले कपडे, वाळका पालापाचोळा आणि न उडालेला माल यांच्यासाठी. पेटलेल्या फटाक्यावर डबा उपडा घालणे तर सर्वात वाईट, कारण मग डब्याचेच तुकडे उडतात. न उडालेल्या फटाक्याकडे निदान अर्धा तास फिरकू नये, नंतर तो बादलीत बुडवावा. पुन्हा वात पेटवून पाहायची नाही. सकाळी पोरे लवंग्या गोळा करून त्यातली दारू काढतात, म्हणून पटांगण त्यांच्या आधी झाडून घ्यावे.

सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे शिल्लक माल. केरळात कोल्लमजवळच्या पुट्टिंगल मंदिरात १० एप्रिल २०१६ रोजी ठिणगी साठवलेल्या दारूकामावर पडली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. ऑक्टोबर २०२४मध्ये त्याच राज्यात नीलेश्वरमजवळच्या मंदिरातही साठाच पेटला, शंभरावर लोक जखमी झाले. ती उत्सवातली मोठी आतषबाजी होती, पण टेबलाखाली उघडे खोके ठेवणारे आपणही तीच चूक करतो. माल झाकून, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब ठेवावा आणि एकेक नग काढावा.

‘ग्रीन फटाके आणलेत.’ नागपूरच्या ‘नीरी’ने पुढाकार घेऊन तयार केलेल्या या फटाक्यांतून धूलिकण साधारण ३० टक्के कमी निघतात. त्यांनी भाजते मात्र तसेच. आवाजाच्या मर्यादेचाही असाच उलटा अर्थ लावला जातो: १२५ डेसिबल ही ४ मीटरवर मोजायची कमाल मर्यादा आहे, तिच्या आत म्हणजे कानांना निर्धोक, असे नव्हे.

आणि फुलबाजी. बाकीच्यांना लांब ठेवून लहानग्यांच्या हाती दिली जाते ती हीच. तिचे टोक हजार अंशांच्या आसपास तापते, विझल्यावरही तार चटका देते, आणि गर्दीत ती नेमकी शेजारच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. विझलेली तार सरळ पाण्यात टाकावी.

भाजलेच तर भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही नको. डोळ्याला काही उडून लागले तर चोळू नका, दाबू नका, पाणी मारू नका, थेंबही घालू नका. त्यावर कागदी कप टेकवून, डोळ्यावर दाब येणार नाही असा चिकटवा आणि लगेच नेत्ररुग्णालय गाठा. रात्री नेत्रतज्ज्ञ कुठे भेटतात, एवढी चौकशी फटाके आणतानाच करून ठेवावी.