दोन मिलिव्होल्टांचा घोटाळा

स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली 27 किलोमीटर परिघाचा एक बोगदा आहे. 'सर्न' या प्रयोगशाळेचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर त्यात बसवलेला आहे. प्रोटॉन त्यात सेकंदाला 11,245 फेऱ्या मारतात. त्यांना वळवायला 1,232 मोठे चुंबक आहेत, प्रत्येक 15 मीटर लांब आणि 35 टन वजनाचा, उणे 271 अंश सेल्सिअसला थंड केलेला. हे आकडे थक्क करतात खरे, पण या यंत्राच्या इतिहासातला मला सर्वांत हादरवणारा आकडा अगदी लहान आहे: 2 मिलिव्होल्ट.

10 सप्टेंबर 2008 रोजी या यंत्रात प्रोटॉनचा पहिला झोत फिरला. नऊ दिवसांनी, झोत नसताना, एका भागातल्या चुंबकांचा प्रवाह वाढवण्याची चाचणी चालू होती. प्रवाह 8,700 अँपिअरपर्यंत पोहोचला. दोन चुंबकांना जोडणाऱ्या तारेच्या एका सांध्याचा रोध 1 नॅनोओहमपेक्षाही कमी असायला हवा होता. तो सुमारे 220 नॅनोओहम होता, असं नंतरच्या तपासात दिसलं. ओहमचा नियम दहावीच्या मुलालाही येतो, गुणाकार करून पाहा. सांध्यावर 2 मिलिव्होल्टही नाहीत आणि उष्णता जेमतेम 17 वॉट. त्या तारेवरची संरक्षण यंत्रणा मात्र 1 व्होल्टला जागी होणारी होती. ती जागी झाली तेव्हा फार उशीर झाला होता. सांधा वितळला, ठिणगीची कमान पेटली, चुंबक थंड ठेवणाऱ्या हेलियमच्या आवरणाला भोक पडलं, सुमारे 6 टन हेलियम बाहेर आला आणि त्याच्या दाबाने चुंबक जागचे हलले. 53 चुंबक बोगद्यातून वर काढावे लागले. यंत्र पुन्हा चालू व्हायला 14 महिने गेले.

त्या एका भागातल्या 154 चुंबकांत तेव्हा सुमारे 60 कोटी ज्यूल ऊर्जा साठलेली होती. बीड जिल्ह्यातल्या परळीच्या औष्णिक केंद्रातला 250 मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने अडीच सेकंद चालला, तर एवढी वीज तयार होते. ती सगळी एका सांध्यात उतरू पाहते तेव्हा काय होतं, ते जगाने पाहिलं.

अपघातानंतर जी नवी संरक्षण यंत्रणा बसवली, तिची मर्यादा 0.3 मिलिव्होल्ट आहे. पूर्वीच्या तीन हजाराव्या हिश्शाहूनही थोडी कमी. मुख्य तारांवरच्या सुमारे 10,000 सांध्यांवर ती पहारा देते. शेजारून हजारो अँपिअर वाहत असताना एक मिलिव्होल्टचाही अंश स्वच्छ मोजायचा, हे काम एम्बेडेड इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं: ग्राउंडिंग, नॉइज, एडीसी, फर्मवेअर. अशा प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याच्या वाट्याला येतं ते हेच. एक बोर्ड, त्याची चाचणी, आणि मग त्याच्या हजारो प्रती.

प्रती हजारोंनी झाल्या की हिशोबच बदलतो. समजा एक बोर्ड हजार वर्षांतून एकदाच बिघडेल इतका भक्कम बनवला. असे 5,500 बोर्ड लावले, तर वर्षाला पाच-सहा बिघडणारच. 5,500 हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. चुंबकाचा एखादा बिंदू तापू लागला की उरलेला चुंबकही मुद्दाम तापवावा लागतो, म्हणजे ऊर्जा एका जागी न साचता पसरते. त्यासाठी लागणारे 900 व्होल्टचे वीजपुरवठा संच भारतात तयार झाले, 5,500 नग. एका संचात जवळपास 2,850 ज्यूल साठतात, आणि एकेका मोठ्या चुंबकाला असे चार संच लागतात. या यंत्रातून लागलेला हिग्ज कणाचा शोध 4 जुलै 2012 ला जाहीर झाला, त्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांतही भरभरून आल्या, त्यात या डब्यांना जागा मिळायला हवी होती.

चुंबकांकडून प्रोटॉनच्या टकरींच्या बाजूला गेलं की वेळ हाच शत्रू. प्रोटॉनचे पुंजके दर 25 नॅनोसेकंदांनी समोरासमोर येतात, सेकंदाला 4 कोटी वेळा. प्रत्येक वेळची नोंद साधारण 1 मेगाबाइटची धरली, तर सेकंदाला 40 टेराबाइट होतात. एवढ्या नोंदी ठेवायच्या कुठे? म्हणून सीएमएस या शोधक यंत्रातली इलेक्ट्रॉनिक्सची पहिली चाळणी सेकंदाला फक्त 1 लाख नोंदी पुढे सोडते, आणि प्रत्येकीचा निर्णय 4 मायक्रोसेकंदांच्या आत लागतो. त्यातलाही बराच वेळ केबलमधून येण्याजाण्यात खर्च होतो. उरलेल्या वेळात एफपीजीए या चिपने ठरवायचं. चुकून टाकलेली नोंद परत मिळत नाही. पुढे संगणक आणखी गाळतात, तेव्हा सेकंदाला हजाराच्या घरातल्या नोंदी उरतात.

माहिती वाहणाऱ्या दुव्यांचं गणितही बघा. एक लाख कोटी बिटांमागे एक चूक, हे प्रमाण ऐकायला निर्दोष वाटतं. पण सेकंदाला 10 अब्ज बिट वाहणाऱ्या दुव्यात ती चूक दर 100 सेकंदांनी येते, आणि असे 1,000 दुवे असतील तर सेकंदाला दहा चुका. त्यात किरणोत्सर्गाने मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटतो. म्हणून एकच सर्किट तीनदा बांधून बहुमताने उत्तर घ्यायचं, अशी रचना तिथे रूढ आहे.

भारत 16 जानेवारी 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. त्यामुळे भारतीय अभियंत्यांना तिथल्या मुदतीच्या नोकऱ्यांसाठी आणि पदवीधरांच्या कार्यक्रमांसाठी अर्ज करता येतो. पण आपल्या मुलांनी जिनिव्हाचीच वाट पाहायला नको. आपल्या बीडला लागून परभणी, परभणीला लागून हिंगोली. तिथे औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च सुमारे 2,600 कोटी रुपये. तिथे गुरुत्वीय लहरी शोधायच्या आहेत, म्हणजे वेधशाळेच्या 4 किलोमीटरच्या भुजेतला प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा-हजाराव्या भागाइतका बदल टिपायचा आहे. काम पुन्हा तेच, नॉइजमधून बारीक संकेत वेगळा काढण्याचं.

अंबाजोगाई आणि बीडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, अंतिम वर्षाचा प्रकल्प विकत आणू नका. एक मिलिव्होल्ट विश्वासाने मोजणारा बोर्ड स्वतः बनवा, महिनाभर चालू ठेवा आणि त्याची प्रत्येक चूक वहीत लिहा.