चिठ्ठीची नोंद झाली, पण गोळी पोटात गेली का?

डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी तुम्ही कुठं ठेवता? कुणी पर्समध्ये कोंबते, कुणी रेशनकार्डाच्या पिशवीत. बऱ्याचदा ती महिनाभरात हरवतेच. मग आपण मेडिकलमध्ये जाऊन सांगतो, "मागच्याच द्या हो, त्या लाल पाकिटातल्या." समोरचा मुलगाही काढून देतो. काम झालं! पण मैत्रिणींनो, ही सोय कधीकधी फार महागात पडते.

म्हणूनच औषधाच्या दुकानांसाठी एक नियम आहे. 'शेड्यूल एच-वन' असं त्याचं नाव. तो २०१३ मध्ये जाहीर झाला आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाला. सुरुवातीला त्यात ४६ औषधं होती. काही जोरकस अँटिबायोटिक्स, झोपेच्या आणि सवय लागू शकणाऱ्या गोळ्या, तसंच टीबीची औषधं. ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. दिली की डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं. ते रजिस्टर ३ वर्षं जपून ठेवायचं.

टीबीच्या बाबतीत तर नोंदीची साखळी आणखी लांब आहे. खासगी डॉक्टरांनीही टीबीचा पेशंट सरकारला कळवला पाहिजे, असं २०१२ मध्ये ठरलं. त्यासाठी 'निक्षय' ही संगणकावरची व्यवस्था आली. मार्च २०१८ मध्ये औषध दुकानदारांवरही ही जबाबदारी आली. कारण साधं आहे. टीबीचा साधा कोर्ससुद्धा किमान सहा महिन्यांचा. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, बाईला वाटतं, झालं बरं. गोळ्या बंद होतात. आतले जंतू मात्र मेलेले नसतात. ते पुन्हा उठले की नेहमीच्या औषधांना दाद देतीलच असं नाही. पेशंट कुठं गळाला हे वेळीच कळावं, म्हणून ही नोंद.

कुंभारीच्या घरात डोकावून बघा

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की कुंभारी लागतं. इथंच विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. दहा हजार घरांची ही वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. पुढं इथंच तीस हजार घरांचं रे नगर आकाराला आलं. त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. गावात मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटलही आहे. म्हणजे डॉक्टर फार लांब नाही.

पण विडी वळणाऱ्या बाईचा दिवस कसा असतो? मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. दवाखान्याच्या रांगेत अर्धा दिवस गेला की तेवढ्या विड्या कमी, तेवढे पैसे कमी. तंबाखूची धूळ रोजचीच, त्यामुळं खोकला आला तरी "तंबाखूचा असेल" म्हणून अंगावर काढायचा. (दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यायचीच, हे घरोघरी सांगायला हवं.) त्यात अनेकींच्या घरी बोली तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात मराठी आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत!

आणखी एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. टीबीचं नाव कागदावर चढलं तर? सासरी कळलं तर? पोरीची सोयरीक मोडली तर? या धास्तीनं बाई लांबच्या मेडिकलमध्ये जाते, दुसरंच नाव सांगते. रजिस्टर भरलेलं दिसतं, पण ज्या बाईसाठी ते ठेवलंय ती त्यात सापडतच नाही.

विचारलं तेव्हा काय कळलं?

याचा धडा आपल्याकडेच मिळालाय. टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या पेशंटसाठी २०१५ च्या सुमारास '९९ डॉट्स' नावाची पद्धत आली. गोळ्यांच्या पाकिटावर लपवलेले फोन नंबर. गोळी बाहेर काढली की नंबर दिसायचा, त्यावर फुकट फोन लावायचा. फोन आला म्हणजे गोळी घेतली, असा हिशेब. कल्पना झकास होती.

मग संशोधकांनी मुंबई, चेन्नई आणि वेल्लोरमध्ये पेशंटना आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनाही बसवून विचारलं. न सांगता घरी जाऊन लघवीची तपासणीही केली. २०२० मध्ये हे अभ्यास प्रसिद्ध झाले. काहींनी गोळी घेतली होती, पण फोनच केला नव्हता. काहींचा फोन आला होता, पण गोळी घेतली नव्हती. कुणाकडं स्वतःचा मोबाइल नव्हता, कुठं रेंज नव्हती, कुणाला घरात कळेल याची भीती होती. पण काहीजणांना उलट बरं वाटलं होतं, आपल्याकडं कुणाचं तरी लक्ष आहे म्हणून! यातलं काहीच नुसत्या संगणकाकडं बघून कळलं नसतं.

नोंद सांगते ती एवढंच, की गोळी दुकानातून बाहेर पडली. ती पोटात गेली का, नसेल तर का नाही, हे त्या बाईलाच विचारावं लागतं.

विचारायचं कसं?

बचत गटानं किंवा महिला मंडळानं ठरवलं तर असं सर्वेक्षण वहीपेनावरही होतं. पथ्यं मात्र पाळायची. जी आशाताई गोळ्या देते तिनंच विचारू नये, तिच्यासमोर सगळ्या म्हणणार, "घेते की रोज." अगदी शेजारणीनंही नको. दुसऱ्या गल्लीतली बाई बरी. नाव लिहायचं नाही, कुठला आजार तेही विचारायचं नाही. प्रश्न तिच्या बोलीत, आणि सासूबाई-नवरा समोर नसताना.

प्रश्न साधेच. शेवटची चिठ्ठी सापडते का? गोळी कधी, किती दिवस घ्यायची हे कुणी समजावलं का? मधेच थांबवली का, पैशांमुळं, मळमळीमुळं की बरं वाटलं म्हणून? दुकानात खरं नाव सांगायला संकोच वाटतो का?

आणि काउंटरपलीकडच्या माणसालाही विसरू नका. संध्याकाळच्या गर्दीत रजिस्टर भरायला वेळ मिळतो का? डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर फोन करता येतो का? चिठ्ठी न आणणारं गिऱ्हाईक भांडायला लागलं तर काय करता? हे मालकासमोर विचारलं तर ठरावीक उत्तर मिळेल. एकट्याला विचारा, मग खरं ते कळेल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात आहे ते करूया. घरातल्या प्रत्येकाची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा, मोबाइलवर तिचा फोटो काढून घ्या. औषधाचं बिल मागा. त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असते. पाकिटावर लाल चौकटीत इशारा दिसला तर ते औषध मनानं सुरू करायचं नाही, मनानं बंदही करायचं नाही, आणि शेजारणीला तर मुळीच द्यायचं नाही. दुकानदारानं चिठ्ठी मागितली तर रागावू नका, तो आपलंच भलं बघतोय. टीबीचं औषध चालू असेल तर सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं. शिवाय निक्षयवर नाव असेल तर खाण्यापिण्यासाठी मदतही खात्यात येते. नोव्हेंबर २०२४ पासून ती महिना १००० रुपये झाली आहे.

म्हणून कुणी खालच्या आवाजात "माझंही चालू आहे गं" म्हणाली, तर तिला पहिला प्रश्न विचारा, "आजची गोळी घेतलीस?"