गोवत्सद्वादशी : आधी वासराचा वाटा

आज आश्विन वद्य द्वादशी, वसुबारस. शास्त्रात हिला गोवत्सद्वादशी म्हणतात. पूजा एकट्या गायीची नव्हे, सवत्स धेनूची, हे या नावातच सांगितले आहे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे गाव. गुरुग्रंथसाहिबातील त्यांच्या एका पदात देवासाठी झुरणाऱ्या जिवाला वासरावाचून तळमळणाऱ्या गायीची उपमा आहे. कीर्तनात हा दृष्टांत मी वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु त्याचा अर्थ मला पोथीत नव्हे, गोठ्यात उमगला.

पूर्वजांनी गाय किती बारकाईने न्याहाळली होती याची साक्ष संस्कृत भाषा देते. एकदाच व्यालेली ती ‘गृष्टि’, नुकती व्यालेली ‘धेनु’, व्यायल्याला बराच काळ लोटलेली ‘बष्कयणी’. दातांवरून वय सांगणाऱ्या शब्दांसाठी तर पाणिनीने स्वतंत्र सूत्र रचले. त्यातून ‘द्विदन्’, ‘चतुर्दन्’ असे शब्द सिद्ध होतात. बाजारात आपण दुसा, चौसा म्हणतो ते हेच. गायीला पुढचे दात खालच्या जबड्यातच, एकूण 8. सुमारे 2 ते अडीच वर्षांची असता कायमच्या दातांची पहिली जोडी येते. 5 वर्षांच्या सुमारास चारही जोड्या जुळतात. पुढे दातांची झीज आणि शिंगांवरची वलये पाहून अंदाज बांधावा लागतो. बहुधा प्रत्येक वेतागणिक एक वलय उमटते.

गाय साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते आणि गाभण राहिल्यावर सुमारे 9 महिने 9 दिवसांनी व्याते. खरी कसोटी त्यानंतरच्या पहिल्या दिवसाची.

माझ्या बालपणी आमच्या घरी रीत होती, वार पडल्याखेरीज वासराला कासेला लावायचे नाही. एका वेती वार पडायला अख्खी रात्र गेली. आम्हा मुलांचे सारे लक्ष खरवसाकडे! चौथ्या दिवशी वासराला हगवण लागली आणि ते गेले. गाय दोन रात्री हंबरत होती. नामदेवरायांची उपमा मला तेव्हा कळली.

दोष अज्ञानाचा होता. गर्भातील वासराला आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच येतात. ती शोषून घेण्याची आतड्यांची शक्ती तासागणिक घटते आणि 24 तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजावा; दिवसभरात वासराच्या वजनाच्या एकदशांश, म्हणजे 20 किलोच्या वासराला 2 लिटर, तोही थोडा थोडा. वासरू कासेला लागले की गर्भाशय आकुंचन पावते, त्यामुळे वार पडण्यास साहाय्यच होते.

आज अनेक घरांत गायीचे दूध-तूप वर्ज्य असते. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी होते. या नेमाचा मी एवढाच अर्थ घेतो, की आधी वासराचा वाटा. आज सवत्स धेनूला ओवाळताना, वाचकहो, एक संकल्प सोडावा : पुढच्या वेती चीक आधी वासराच्या मुखी, उरला तरच खरवस.