स्पंजाचे बिऱ्हाडकरू

स्पंज ही वनस्पती नव्हे, प्राणी आहे. त्याला तोंड, पोट, मेंदू यांपैकी काहीच नसते. अंगभर पसरलेल्या बारीक छिद्रांतून पाणी आत येते, आतल्या पेशी त्यातले जीवाणू आणि अन्नकण टिपतात आणि गाळलेले पाणी मोठ्या छिद्रातून बाहेर पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला हाजी अलीजवळचे खडक उघडे पडले, की कपारींत आणि दगडांच्या खालच्या अंगाला स्पंज चिकटलेले दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून शहराच्या किनाऱ्यांवरील अशा जीवांच्या नोंदी ठेवत आला आहे.

जीवाणू खाऊन जगणारा हा प्राणी जीवाणूंनाच अंगात थाराही देतो. समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जीवाणू असतात. काही स्पंजांच्या एका ग्रॅम ऊतीत ते दहा कोटींपासून हजार कोटींपर्यंत भरतात. अशा जातींत वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा सूक्ष्मजीवांचा असू शकतो. इतर अनेक जातींत मात्र त्यांची वस्ती विरळ असते. काही बिऱ्हाडकरू अळीच्या अंगातूनच पुढच्या पिढीत पोहोचतात.

राहण्याचे भाडे कामाने फिटते. स्पंजाने टाकलेल्या अमोनियाचे काही सूक्ष्मजीव नायट्राइट आणि नायट्रेट करतात. नीलहरित जीवाणू सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. जागचा न हलणाऱ्या स्पंजाला शत्रूपासून वाचवणारी रसायनेही बऱ्याचदा जीवाणूच बनवतात. ‘थिओनेला स्विनहोई’ या स्पंजातील बहुतेक प्रभावी रसायने ‘एंटोथिओनेला’ जीवाणूंची असल्याचे २०१४ मध्ये दिसून आले.

औषधशास्त्राला याचे मोल मोठे आहे. अटलांटिकमधील एका स्पंजात १९५० च्या सुमारास सापडलेल्या संयुगांवरून सायटाराबिन तयार झाले. १९६९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध आजही रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते. मात्र औषधासाठी टनावारी स्पंज समुद्रातून खरवडून काढणे परवडणारे नाही. रसायन जीवाणूचे असेल, तर त्याची जनुके शोधून प्रयोगशाळेत वाढणाऱ्या दुसऱ्या जीवाणूत घालण्याचा मार्ग राहतो.

अडचण अशी, की स्पंजातले बहुतेक जीवाणू काचेच्या तबकडीत वाढतच नाहीत. म्हणून ऊतीतला डीएनए थेट वाचावा लागतो. सांडपाणी मिसळणाऱ्या मुंबईसारख्या किनाऱ्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. स्पंजाचा तुकडा निर्जंतुक समुद्रजलाने धुऊन त्यातला डीएनए भोवतालच्या पाण्यातल्या डीएनएशी ताडून पाहतात. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नमुन्यांतही जे जीवाणू त्या स्पंजात पुन्हापुन्हा, पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आढळतात, ते तिथले कायमचे रहिवासी मानले जातात. बाकीचे पाण्याबरोबर आलेले पाहुणे किंवा नुसते अन्न.