होडीला छप्पर हवे!

मराठी शिकविणाऱ्याने होडीच्या वाटेला जाऊ नये, असे आमच्या घरातले ठाम मत आहे. वर्गात मी जीवननौका, भवसागर वगैरे मंडळी बिनधोक पार करतो; पण खऱ्या होडीवर छप्पर घालण्याची वेळ आली तेव्हा सहा महिने गटांगळ्या खाल्ल्या.

दाभोळच्या खाडीच्या आतल्या अंगाला आमचे गाव. धाकटा भाऊ तिथेच असतो. त्याची वीस फुटी फायबरची होडी आहे, मागे इंजिन. पलीकडच्या काठावर आईचे माहेर. तिथे मावशी अंथरुणाला खिळलेली. रस्त्याने जायचे तर चिपळूणवरून वळसा, म्हणून पंचाहत्तरीची आई दर पंधरा दिवसांनी होडीने जाते. गेल्या वैशाखात ऐन खाडीत तिला उन्हाने घेरी आली. भावाने सावरले म्हणून निभावले. ती म्हणाली, "आता छप्पर झाल्याशिवाय मी पाऊल टाकायची नाही." मावशीचे दिवस मोजके. तेव्हा हे काम हौसेचे नव्हते.

प्रथम गाठला सौभाग्यवतीच्या नात्यातला एक घरसजावटकार. त्याने आठ दिवसांत सुरेख चित्र काढून दिले: सागवानी खांब, वर फळ्यांचे छप्पर, त्यावर सामान ठेवायला कठडा, कोपऱ्यात कंदीलसुद्धा! आम्ही हरखून गेलो. आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी चित्र पाहून आर्किमिडीजवर अर्धा तास व्याख्यान दिले आणि शेवटी विचारले, "होडीचे वजन किती?" ते कुणालाच ठाऊक नव्हते.

मग चित्र घेऊन मी खाडीकाठच्या मेस्त्रींकडे गेलो. चाळीस वर्षे लाकडी होड्या बांधलेला माणूस. त्यांनी चित्र दोनदा उलटसुलट पाहिले. म्हणाले, "सर, लाकडाची असती तर नुसत्या नजरेनं सांगितलं असतं. तुमच्या वडिलांच्या होडीवर मीच टप बसवला होता. पण ती जड, आणि तळात दगडांचं निरम. ही माझ्या हातची नाही. हलकी आहे. हिला किती सोसंल, मला नाही सांगता यायचं."

निरम हा शब्द मी कोशात वाचला होता, बोलताना ऐकला तो प्रथमच. खरे सांगायचे तर त्या दिवशी शब्द सापडल्याचा आनंद अधिक झाला आणि मेस्त्रींच्या नकाराकडे दुर्लक्ष झाले. वस्तुतः चार महिन्यांत 'मला सांगता येत नाही' असे म्हणणारे ते पहिलेच होते.

नौकारचना हे शिकण्याचे स्वतंत्र शास्त्र आहे. खरगपूरच्या आयआयटीत, कोचीच्या विद्यापीठात ते शिकवितात. आपल्या ओळखीत इमारतीचे इंजिनिअर शेकड्यांनी, जहाजाचा मात्र एकही नसतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी गोदीत नोकरीला आहे. तिने मुंबईतल्या एका निवृत्त नौकारचनाकारांशी गाठ घालून दिली. चित्र पाहून त्यांचा पहिला प्रश्न असा: "या छपरावर चढणार कोण?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"पोरे आहेत घरात? मग चढतील."

ते स्वतः गावी आले. भरतीच्या वेळी, वारा पडलेला असताना, होडी संथ पाण्यात सैल बांधली. एक मीटर दोरीचा ओळंबा आत टांगला आणि वाळूची ६० किलोंची पोती अर्धा मीटर एका बाजूला सरकविली. ओळंबा १० सेंटिमीटर हलला. होडीचे वजन त्यांनी बांधणाऱ्याच्या कागदांवरून आणि बुडालेल्या भागाच्या मापांवरून आधीच काढले होते: इंजिनासकट सुमारे ६०० किलो.

वाचकहो, मला समजले ते असे. होडी कलली की पाण्याचा वर रेटणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो आणि तिला सरळ करू पाहतो. त्या जोराची रेषा होडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बिंदू वजनाच्या मध्याहून वर असला पाहिजे. पिएर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली आपल्या ग्रंथात हे मांडले. दोन बिंदूंमधले अंतर हीच होडीची पुंजी. आमची निघाली ५० सेंटिमीटर.

सागवानी छप्पर १२० किलोंचे. तेवढे वजन उंचावर चढविले की पुंजीतले २७ सेंटिमीटर गेले. त्यावर दोन तरुण पोरे बसली की उरले जेमतेम चार. माझा पुतण्या आणि त्याचा मित्र मागे उभे राहून ऐकत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले ते माझ्या नजरेतून सुटले नाही. तळात दगड भरून भागेल का, असे मी विचारले. "होडी खाली बसेल आणि काठ पाण्याजवळ येईल," असे उत्तर आले. मग ते 'रामदास' बोटीविषयी बोलले. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ती बोट भर पावसात लाटेने कलली, आतली माणसे एका बाजूला लोटली गेली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. आई ओट्यावरून ऐकत होती. ती उठून आत गेली.

शेवटी ठरले ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताडपत्रीचे छप्पर. वजन ३० किलो, खर्ची पडले सात-आठ सेंटिमीटर. बाजूच्या कनाती मात्र वाऱ्यात गुंडाळायच्याच, नाहीतर त्यांचे शीड होते. चौकट मेस्त्रींनी बसविली. ठोकता ठोकता दोघा जाणत्यांच्या गप्पा अशा रंगल्या की मी चहा नेण्यापुरताच उरलो. होडीत बदल केल्याची नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी एका कचेरीत घातलेल्या खेपांवर पुढच्या दिवाळीला लिहीन.

घरसजावटकार अजून रुसलेला आहे.

छपराच्या कडेवर भावाने तांबड्या रंगाने 'वर बसू नये' असे लिहून ठेवले आहे. आई पुन्हा पलीकडे जाऊ लागली. तिची तक्रार एवढीच, की माहेरच्या देवळाचा कळस आता लांबून दिसत नाही. म्हणून निम्मी खाडी ओलांडली की भाऊ इंजिन मंद करतो आणि पुढची ताडपत्री हातभर वर दुमडतो.