स्त्रियांमधील हृदयविकार : लक्षणे ओळखताना

हृदयविकाराचा झटका म्हटला की छातीवर हात दाबून कोसळणारा पुरुष डोळ्यांसमोर येतो. नाटक-चित्रपटांनी हे चित्र मनावर इतके ठसविले आहे की, घरातील स्त्रीला दम लागला, पाठ भरून आली किंवा मळमळू लागले, तर हृदयाचा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. ‘पित्त झाले असेल’, ‘दगदग झाली असेल’ असे म्हणून वेळ दवडला जातो. वस्तुतः जगभरात स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. ज्येष्ठ अभिनेत्री रीमा लागू यांचे १८ मे २०१७ रोजी हृदयक्रिया बंद पडून निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या ५८ वर्षांच्या होत्या.

मोठ्या शहरात निदानाला उशीर झाला तरी रुग्णालय निदान हाकेच्या अंतरावर असते. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी तशी स्थिती नाही. अरुणावती नदीकाठच्या या गावापासून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि यवतमाळहून नागपूर आणखी दीडशे किलोमीटर. रस्त्याचे हे अंतर कुटुंबाला कमी करता येत नाही. मात्र घरातून निघण्यापूर्वी वाया जाणारे तास निश्चित वाचविता येतात. अशा गावांत राहणाऱ्या आई, सासू वा मावशीच्या प्रकृतीची चौकशी पुण्या-मुंबईहून दूरध्वनीवर करणाऱ्यांनीही ही लक्षणे जाणून घेतली पाहिजेत.

छातीत दुखणे हे स्त्रियांमध्येही झटक्याचे प्रमुख लक्षण आहे. परंतु ते तीव्र कळेच्या स्वरूपातच येते असे नाही. छातीवर दडपण येणे, आवळल्यासारखे वा जळजळल्यासारखे वाटणे, अशा शब्दांत अनेक जणी ते सांगतात. त्याच्या जोडीला, किंवा क्वचित त्याच्याविनाही, धाप लागणे, दरदरून घाम फुटणे, मळमळ वा उलटी, चक्कर, तसेच जबडा, मान, खांदा, दोन्ही दंड किंवा पाठीचा वरचा भाग दुखणे ही लक्षणे दिसतात. मधुमेह असलेल्या स्त्रीला वेदना फारशी जाणवत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

काही जणींना आधीच सूचना मिळते. अमेरिकेतील संशोधिका जीन मॅक्स्वीनी यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांची माहिती घेऊन २००३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. झटक्यापूर्वीच्या काळात अनाकलनीय थकवा जाणवल्याचे सुमारे ७१ टक्के, तर झोप बिघडल्याचे सुमारे ४८ टक्के स्त्रियांनी सांगितले. प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी छातीत न दुखलेल्यांचे प्रमाण ४३ टक्के होते. ही माहिती आठवणींवर आधारलेली असली, तरी दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

अर्थात, प्रत्येक थकवा हृदयाचा नसतो. आपल्याकडे अनेक स्त्रियांना रक्तक्षय असतो आणि त्यातही दम लागतो. फरक पाहायचा तो बदलाचा. गेल्या महिन्यापर्यंत सहज भरली जाणारी पाण्याची घागर आता उचलवत नाही, नेहमीचा जिना चढताना मध्येच थांबावे लागते, चालताना छाती भरून येते व बसल्यावर बरे वाटते, असे असेल तर रक्तवाढीच्या गोळ्यांवर समाधान न मानता हृदयाची तपासणी करून घ्यावी.

स्त्रियांमध्ये मोठ्या रक्तवाहिनीतील अडथळ्याखेरीज सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार, रक्तवाहिनी आकुंचन पावणे किंवा तिच्या आतील अस्तराला चीर पडणे, ही कारणेही तुलनेने अधिक आढळतात. त्यामुळे अँजिओग्राफीत मोठा अडथळा दिसला नाही म्हणून त्रास मनाचा ठरत नाही. ५२ देशांत झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासानुसार, स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो. मासिक पाळी थांबल्यानंतर धोका वाढू लागतो. मधुमेह असेल तर त्याआधीचे संरक्षणही बरेचसे नाहीसे होते. उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल यांच्याबरोबरच गरोदरपणात झालेला मधुमेह वा वाढलेला रक्तदाब हीसुद्धा पुढच्या आयुष्यातील धोक्याची खूण आहे. डॉक्टरांना ती आवर्जून सांगावी. तंबाखू, खर्रा आणि मिश्रीही हृदयाला घातकच.

वरीलपैकी त्रास अचानक सुरू होऊन काही मिनिटांत थांबला नाही, तर पित्ताची गोळी देऊन वाट पाहू नये. रुग्णाला चालवू नये, दुचाकीवर मागे बसवून नेऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जिथे लवकर ईसीजी निघेल, त्या रुग्णालयात न्यावे. पहिला ईसीजी निर्दोष आला तरी झटक्याची शक्यता संपत नाही. पुन्हा ईसीजी आणि रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी आवश्यक ठरते. ईसीजीत विशिष्ट बदल दिसल्यास गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मोठ्या शहरात पोहोचण्यापूर्वीही देता येते आणि पहिल्या काही तासांत त्याचा लाभ सर्वाधिक असतो.

घरच्यांची जेवणे आटोपल्याशिवाय आपले दुखणे न सांगण्याची सवय अनेक स्त्रियांना असते. म्हणूनच ‘जरा बरे वाटत नाही’ एवढेच तिने म्हटले, तर पुढचे प्रश्न इतरांनी विचारावेत. त्रास केव्हापासून आहे, दम लागतो का, घाम आला का, पाठ किंवा जबडा दुखतो का, असे पूर्वी कधी झाले होते का? उत्तरे संशयास्पद वाटली, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला निघणे शहाणपणाचे.